ओढ्यापलीकडचं ऊर

वाक्य तोंडून निघून गेलं तेव्हा पूंगोडीच्या हातात दहीभाताचा घास होता. "अम्मा सकाळी ऊरात जायची, ताक आणायला," एवढंच ती म्हणाली होती. कचेरीतल्या मंगैनं विचारलं होतं, तुझ्या आईच्या हातच्या ताकाच्या कढीची तू एवढी तारीफ करतेस, घरी म्हैस होती का? त्यावर हे उत्तर. साधं, दुपारच्या डब्यावरचं. पण ऊर म्हणजे गाव, आणि गावात राहणारी बाई गावात जात नसते. ती शेजारी जाते, वरच्या आळीला जाते, देवळामागच्या घरी जाते. 'ऊरात जायची' असं फक्त ओढ्याच्या अलीकडचं माणूस म्हणतं, ज्याला ऊरात जायला ओढा ओलांडावा लागतो, ज्याची वस्ती ऊराच्या नावात असते पण ऊरात नसते. चेन्नैत आल्यापासून पूंगोडीनं जिभेवरची किती वळणं घासून सपाट केली होती. शब्दांची शेपटं, हेल, 'आता' म्हणायची पद्धत, हसताना तोंडावर हात धरायची सवय. हे एक वळण तिला स्वतःलाच कधी ऐकू आलं नव्हतं, म्हणून राहून गेलं होतं.

"ऊरात जायची?" मंगैनं डबा पुसता पुसता विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. "मग तुम्ही राहायचा कुठं गं?"

"शेतावर," पूंगोडी म्हणाली.

"अस्सं. शेतावर."

मंगै रोज लिंबाच्या लोणच्याची एक फोड आपल्या चमच्यानं पूंगोडीच्या झाकणात टाकायची. आज तिनं बरणीचं झाकण फिरवलं, घट्ट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. लोणच्याचा वास मात्र दोघींच्या मधे बराच वेळ बसून राहिला, एखाद्या तिसऱ्या बाईसारखा. पूंगोडीनं हातातला घास तोंडात घातला. दही आंबट झालं होतं. आडी महिना, तमिळांचा आषाढ, दमट उकाडा, सकाळचं दही दुपारी टिकत नाही. तिला वाटलं, माझं तोंड फोडावं कुणीतरी. मग वाटलं, हिचं फोडावं.

कोशाची कचेरी तिरुवल्लिक्केणीतल्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर होती. खाली फुलांच्या माळा ओवणाऱ्या बायका बसत, समोर अम्मन देवीचं बुटकं देऊळ, आणि तिच्या आडी महिन्यात रोज कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यावर आंबिलीचं भांडं चढलेलं असे. शब्दांचं मूळ शोधणारा हा कोश चोक्कलिंगम् अय्यांनी उभा केला होता. मंगै, पूर्ण नाव मंगैयर्करसी, त्यांच्या मंडळातली दुसरी सदस्य, पूंगोडी मदतनीस. 'ऊर' हा शब्द त्यांनी मुद्दाम पूंगोडीकडे दिला होता. "छोटा शब्द आहे, पोरी," ते म्हणाले होते, "पण विहिरीसारखा आहे. वाकून बघ, तळ दिसणार नाही." तेव्हापासून ती वाकली होती. कन्नडात ऊरु, तेलुगूत ऊरु, दोन्हीकडे गावच. मल्याळम् बोलणारे मात्र डोंगरातल्या आदिवासी पाड्याला ऊर म्हणतात, म्हणजे घाट ओलांडला की शब्द उलटा होऊन बाहेरच्यांकडे राहायला जातो. जर्मन लोक तो शब्दाच्या पुढे लावतात आणि त्यानं मूळचं, आरंभीचं, सगळ्याच्या आधीचं असं काहीतरी होतं. हंगेरीत ऊर म्हणजे मालक, साहेब, ज्याच्यापुढे टोपी काढायची तो. बास्क लोकांत नुसतं पाणी. हिब्रूत आगीची ज्वाळा. आणि सुमेरांचं ते प्रसिद्ध नगर, मातीच्या पायऱ्यापायऱ्यांचं, हजारो वर्षांपूर्वी वाळूत बुडालेलं, ते तर ऊरच. अय्यांचा जीव त्या नगरात अडकला होता. ते नाव आलं की त्यांची पाठ ताठ व्हायची. "बघितलंस? तिथपर्यंत गेले होते आपले लोक!" पूंगोडीला ग्रंथालयात आणखी एक सापडलं होतं. त्याच सुमेरांच्या बोलीत, वेगळ्या खुणेनं लिहिलेला, आणखी एक उर आहे आणि त्याचा अर्थ कुत्रा. हे तिनं अय्यांना सांगितलं नव्हतं. ठेवून दिलं होतं, जसं माणूस खिशात दगड ठेवतं.

मराठीतलाही ऊर तिनं टिपला होता. ऊर म्हणजे छाती. मराठी माणसाचा ऊर भरून येतो, ऊर फुटतो, आणि कुणी मेलं की बायका ऊर बडवतात. हे वाचताना तिचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला होता. अय्यांनी ते टिपण वाचून बाजूला सारलं होतं. "हे संस्कृतातून आलेलं. नुसता आवाज सारखा आहे. आवाज सारखा असला म्हणून नातं होत नाही, पोरी." ते बरोबरच होतं. पण मग नगराचं काय? तिथंही आवाजच सारखा होता. समुद्रापलीकडचं, वाळूखालचं, मेलेलं नगर यांना नात्यातलं वाटतं आणि ओढ्यापलीकडची जिवंत वस्ती वाटत नाही, हे तिच्या मनात त्या दिवशी नुसतं हललं होतं. दहीभाताच्या दिवसानंतर ते उभं राहिलं.

अम्मा ऊर बडवायची. अंजलै नाव तिचं. ऊरात कुणी मोठं माणूस गेलं की ओढ्यावरून हाक यायची, आणि अम्मा हातातलं काम टाकून, केस सोडून, बायकांची ओळ घेऊन निघायची. लहानगी पूंगोडी लुगड्याचं टोक धरून मागे. त्या घराच्या अंगणात जायचं नाही, रस्त्यावरच कोंडाळं करून उभं राहायचं आणि ओप्पारी म्हणायची, मेलेल्याला हाका मारत रडायचं गाणं. आतल्या सुना पदर तोंडाला लावून बसलेल्या, त्यांना रडू नीट यायचं नाही, आणि बाहेर अम्मा रडायची, त्यांच्या सासऱ्याला राजा म्हणून, सोन्याचा खांब म्हणून, छातीवर तळहात असा पडायचा की ओल्या कपड्यावर धोपटणं पडावं. आतलं रडणं मग बाहेरच्या रडण्याच्या मागून चालू लागायचं. परतताना ओच्यात तांदूळ. एकदा पूंगोडीनं विचारलं होतं, "अम्मा, तो आपला कोण?" अम्मा ओढ्यात पाय धूत होती. "कोणी नाही. मागल्या पोंगलला मला शिव्या दिल्या होत्या त्यानं, त्याच्या बांधावरनं गेले म्हणून." "मग राजा का म्हणालीस?" "मेला ना आता. मेल्यावर राजा म्हणायला काय जातंय?" आणि अम्मा हसली होती, आवाज बसलेल्या गळ्यानं, कावळ्यासारखी. ते हसणं पूंगोडीच्या कानात कधीच शिळं झालं नाही. रथाच्या दिवशी देवीचा रथ ओढ्याच्या काठापर्यंत यायचा आणि तिथून चाकं वळवायचे. वळवताना चाकं करकरायची. देवी क्षणभर चेरीकडे, ओढ्याअलीकडच्या दलित वस्तीकडे, तोंड करून असायची, सगळ्या चेरीचे हात जोडलेले, आणि मग तिचा चेहरा कडेनं दिसायचा, मग पाठ, मग फुलांनी झाकलेली मागची फळी. काठावर वळणाची खोल चाकोरी उरायची, पुढचा पाऊस येईपर्यंत. पोरं त्या चाकोरीत झोपून बघायची, आपण मावतो का.

मंगैची मावशी शिवकामी, जिला पूंगोडीही चित्तीच म्हणायची, तिच्या घराच्या माडीवर पूंगोडी भाड्यानं राहत होती. जागा मंगैनंच मिळवून दिली होती. तेव्हा चित्तीनं विचारलं होतं, "कुठलं ऊर?" आणि पूंगोडीनं सांगितलं होतं, मेल्कळत्तूर, तिंडिवनम्पाशी. खोटं नव्हतंच. चित्तीनं "चांगलं ऊर, तिथलं शिवाचं देऊळ मोठं," असं म्हटलं होतं, आणि पूंगोडीनं मान डोलावली होती, ज्या देवळाचं शिखर तिनं फक्त ओढ्यावरून पाहिलं होतं. चित्ती मायाळू होती. सांबार उरलं की जिन्यावरून हाक, केसांत माळायला मोगऱ्याचा तुकडा, ताप आला तर कपाळावर थंड हात. त्या हाताची पूंगोडीला सवय लागली होती. त्या सवयीचीच आता चीड येत होती.

त्या आठवड्यातच एका संध्याकाळी ती परतली तर जिन्याच्या तोंडाशी चित्ती खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर चकल्यांसारख्या मुरुक्क्यांचा डबा, पण पुढे केलेला नाही.

"आलीस? उकाडा आहे ना बाहेर?"

"आहे चित्ती."

"हे बघ बाळा, माझा भाचा येतोय सिंगापूरहून. माडी लागेल आम्हाला."

"कधी?"

"आता आडी आहे, आडीत कुणी घर बदलत नाही. मी काय तुला घालवतेय का? माझ्या तोंडातून आडीत असलं अभद्र निघायचं नाही. आडी संपू दे. आवणी लागली की बघ चांगला दिवस." मग डब्याच्या झाकणावर नखानं खरवडत, "खोटं कशाला बोलावं गं माणसानं? आम्ही काय खाल्लं असतं तुला?"

"मी काय खोटं बोलले?"

"मी कुठं म्हटलं बोललीस? मी आपलं सहज म्हणतेय. आणि ते सांबाराचं भांडं तुझ्याकडेच राहू दे हो. जुनं झालंय ते."

भांडं नवं होतं. वर जाऊन पूंगोडीनं ते जमिनीवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसली. किती शिस्तीची माणसं, तिला वाटलं, हाकलायलासुद्धा मुहूर्त बघतात. महिनाभर ती या घरात अशी राहणार होती, सुतकातल्यासारखी, कुणी न मेलेल्या सुतकात. खाली चित्ती कुणाला तरी फोनवर सांगत होती की मुलगी वागायला चांगली आहे, तसं काही म्हणता येणार नाही. भिंतीवरच्या पालीनं चुकचुक केलं. पूंगोडीला आतून एक थंड, स्वच्छ राग येत गेला, विहिरीत कळशी उतरावी तसा, आणि तळाला टेकल्यावर आवाज झाला. त्या शब्दानं मला धरलं. आता मी त्याला धरीन. कोशात 'ऊर'च्या खाली सगळे अर्थ येणार, गाव, नगर, आरंभ, मालक, पाणी, आग, आणि जो अर्थ माझ्या आईच्या पायाखाली रोज होता तो येणार नाही? तो आला पाहिजे. छापून आला पाहिजे. यांच्या नातवंडांनी कोश उघडला की त्यांना तो डसला पाहिजे.

तिनं लिहिलं: ऊर, गावाचा तेवढाच भाग ज्यात चेरी धरत नाहीत; चेरीतल्या माणसाच्या तोंडी, 'त्यांचं गाव'.

अय्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मंगै खिडकीपाशी, पाठ करून, पण तिची मान ऐकत होती.

"हा अर्थ कुठं आलाय?"

"बोलण्यात."

"बोलण्यात काय वाटेल ते येतं. ग्रंथात? शिलालेखात?"

"ज्यांनी शिलालेख कोरून घेतले ते ऊरात राहायचे, अय्या. त्यांना ऊरात जावं लागत नव्हतं."

अय्यांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते, आणि हेच तिला सगळ्यात असह्य होतं. वाईट असते तर तिनं कागद त्यांच्या तोंडावर फेकला असता. "तुझा राग मला कळतो," ते म्हणाले, आणि तिला वाटलं, नाही कळत, तुम्हाला फक्त शब्द कळतात. "पण कोश म्हणजे भांडण नव्हे. आपल्या शब्दाची कीर्ती आपण जगापुढे नेतोय, आणि तू त्याच्या खाली हे... हा उकिरडा ठेवतेस."

"उकिरडा ऊराचाच असतो. चेरीच्या बाजूला टाकतात, एवढंच."

मंगै वळली. "अय्या, ही हल्ली अशीच बोलते. चित्तीशीसुद्धा."

"नियम आहे," अय्या म्हणाले, स्वतःशीच भांडल्यासारखे. "लिखित आधार नसेल तर तोंडी चालतो. जुनं गाणं, जुनं वचन, जसं पिढ्यांमधून आलंय तसं. मंडळातल्या दोघांनी ते कानांनी ऐकलेलं असलं पाहिजे. आहे तुझ्याकडे असलं काही?"

होतं. आणि तेच म्हणता येत नव्हतं.

तिनं दुपारी गच्चीवर जाऊन आईला फोन लावला. "दुपारचा फोन?" अम्मा म्हणाली. "कोण गेलं?"

"कोणी नाही अम्मा. तुझं ते गाणं हवंय. ऊरातल्या पावसाचं."

"ते गाणं नाही, रडणं आहे. कशाला हवंय?"

"कोशात घालायला. ऑफिसात म्हणून दाखवायचंय."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज, मग अम्माचं थुंकणं. "डोकं फिरलंय का तुझं? मढं नसलेल्या घरात ओप्पारी म्हणतात? ज्या घरात म्हणशील त्या घरात ते मढं शोधत फिरेल. तू पाळण्यात असताना मी कधी गुणगुणलंसुद्धा नाही ते, दातात धरून ठेवायची. उद्या त्यांच्याकडे कुणी मेलं तर म्हणतील, त्या चेरीतल्या पोरीनं खाल्लं."

"तसेही म्हणतातच काहीतरी."

"काय म्हणाले?" अम्माचा आवाज एकदम बारीक झाला. "कळलं का त्यांना?" खाली रस्त्यावर आंबिलीची रांग लागली होती, बायकांच्या हातांत चरव्या, देवळाच्या कर्ण्यातून अम्मनचं गाणं फाटत होतं. "जागा सोडायला सांगितली?"

"आडी संपल्यावर."

अम्मा हसली. तेच, बसलेल्या गळ्याचं. "आडी पाळतात, चांगली माणसं आहेत." "छापून काय होणार गं? ओढा आटणार आहे?"

"नाही."

"मग?"

"त्यांना माहीत असल्याचं त्यांना लिहावं लागेल."

अम्माला पटलं की नाही ते पूंगोडीला कधीच कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हणायचंच असेल तर केस सोडून म्हण. बांधलेल्या केसांनी म्हटलं तर नाटक होतं. आणि कुणाच्या तरी नावानं म्हण, मेलेल्याच्या. बिननावाचं सोडू नको, ते परत तुझ्याच अंगावर येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूंगोडी अय्यांच्या टेबलापुढे उभी राहिली आणि तिनं केसांची गाठ सोडली. फक्त तेवढ्यानंच खोली बदलली. मंगै अर्धवट उठली. सकाळी, कामाच्या जागी, मोकळे केस, अम्मनच्या महिन्यात. "हे काय?" ती म्हणाली. "अय्या, ही ओप्पारी म्हणणार आहे. माझी सून भरल्या दिवसांची आहे घरी! बांध गं केस!"

"मंगै, बस," अय्या म्हणाले, पण त्यांचाही हात टेबलाच्या कडेवर आवळला होता. "पोरी, दुसरं काही नाही? पेरणीचं, पाळण्याचं? हे इथं... कोण गेलंय इथं?"

"तुमचं नगर," पूंगोडी म्हणाली. "सुमेरांचं ऊर. नात्यातलं ना तुमच्या? वाळूत पडलंय हजारो वर्षं, कुणी रडलेलं नाही आपल्याकडून. त्याच्या नावानं म्हणते. तुमच्या घरावर येणार नाही."

मंगै चप्पल न घालता बाहेर गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली आणि मधेच थांबली.

पूंगोडीला वाटलं होतं की सूर लागणार नाही. शहरात इतकी वर्षं हळू बोलून तिचा गळा लहान झाला होता. पण हात छातीवर पडला आणि गळ्याला रस्ता दिसला. तो तिचा आवाज नव्हताच. तो ओढ्याकाठचा, तंबाखूचा, रॉकेलच्या धुराचा आवाज होता, त्यात रस्त्यावर उभं राहून दुखणारे गुडघे होते. ती त्या आवाजाच्या लुगड्याचं टोक धरून चालू लागली.

ऊर तुझं दूर राजा, मधी आडवा रे ओढा
माझ्या डोळ्यांच्या पाण्याला तेवढी तरी वाट सोडा

ऊरात तुझ्या दारी झुले चांदीचा पाळणा
माझ्या पायाचा रे ठसा वेशीपाशी वाळला ना

ऊरात पडला पाऊस, राजा तुझ्या रे पुण्याचा
चेरीत उडाला धुरळा माझ्या रित्या रांजणाचा

ती नगरासाठी रडायला निघाली होती, सूड म्हणून, थट्टा म्हणून. पण दुसऱ्या ओवीपाशी नगर कुठंतरी मागे राहिलं आणि समोर रथाची चाकोरी आली, तिच्यात झोपलेली पोरं, देवीची वळत जाणारी पाठ. मग चित्तीचा कपाळावरचा थंड हात आला. तो हात मेला होता. त्याच्यासाठी ती रडली, आणि रडता रडता त्याचा तिरस्कार केला, आणि तिला कळलं की अम्मानंही असंच केलं असणार, दर वेळी, सोन्याच्या खांबाला राजा म्हणताना. छातीवर हात पडत होता. ऊर, तिला आठवलं, ऊर बडवणं. आवाज सारखा असला म्हणून नातं होत नाही. तळहात लालभडक झाला होता.

खाली रस्ता गप्प झाला. देवळाचा कर्णा कुणीतरी बंद केला. या गल्लीत ओप्पारी ऐकू आली की काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. माळा ओवणाऱ्या बायका सुई खोचून उठल्या, समोरच्या घरातून एक म्हातारी पदर सावरत आली, आंबिलीच्या रांगेतल्या दोघी चरव्या खाली ठेवून आल्या. जिन्याच्या तोंडाशी गर्दी झाली. पूंगोडी थांबली तेव्हा त्यांचे आवाज वर आले.

अय्या खिडकीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्याला कुणीतरी आतून धक्का दिला होता. "आमचे आजोबा गेले तेव्हा, रस्त्यावर," ते म्हणाले, आणि पुढे बोलले नाहीत. मग घसा साफ करून, कोरडेपणानं, "मी ऐकलं. मंगै कुठं आहे? मंगै!"

मंगै वर आली. डोळे लाल होते, रागानं की कशानं ते सांगता येत नव्हतं.

"ऐकलंस ना?"

"नाही," मंगै म्हणाली. सरळ पूंगोडीकडे बघत म्हणाली. "मी बाहेर होते. मला काही ऐकू आलं नाही."

"जिन्यातच होतीस ना?"

"एक अक्षर नाही, अय्या. देवळाचा कर्णा चालू होता."

अय्यांनी खांदे पाडले. "मग एकच झाला ऐकणारा," ते हळूच म्हणाले, आणि त्यांना हायसं वाटलंय हे पूंगोडीला दिसलं. तिनं केस बांधले नाहीत.

"अहो, कोण गेलं?" खालून हाक आली. मग दुसरी, जिन्याच्या मधल्या पायरीवरून. "मंगैअम्मा, कोण गेलं हो? म्हातारे साहेब की काय? फुलं आणू का?"

मंगै दाराशी धावली. "कोणी नाही गेलं! तोंड आवरा! कोणी नाही!"

"अहो, रडण्याचा आवाज आला. आम्ही आलो तशाच."

"आमच्या ऑफिसातली पोरगी म्हणत होती!" मंगै जिन्यात वाकून ओरडली. आता तिला आवरत नव्हतं. "ऊरात पाऊस पडला म्हणे आणि यांच्या चेरीत धुरळा! मढं नाही, काही नाही, दिवसाढवळ्या! सांगा तुम्हीच, आडीत असलं कुणी म्हणतं?"

"कोणी नाही गेलं मग," खालून एक जण म्हणाली, आणि पावलं उतरू लागली. मंगै वळली. खोलीत अय्या तिच्याकडे बघत होते, पेनाचं टोपण हातात घेऊन. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"ते मी... त्यांना सांगायला लागलं म्हणून."

"शब्द बरोबर होते," अय्या म्हणाले. "दोन्ही. ऊर आणि चेरी." आणि त्यांनी कागद पुढे ओढून लिहायला घेतलं. ऐकणारे: चोक्कलिंगम्, मंगैयर्करसी. मंगैनं आपली पर्स घेतली, लोणच्याची बरणी घेतली, आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. आज मेलेल्यासारखी तिची पाठ दिसत होती, पूंगोडीला वाटलं, आणि हे वाटून तिला आनंद झाला, आणि आनंद झाल्याचं तिनं लपवलं नाही.

"म्हणणारीचं नाव?" अय्यांनी न बघता विचारलं.

"अंजलै."

"अंजलै." लिहिलं. "ऊर?"

हे कोशात लिहायचीच रीत होती, नाव आणि त्यापुढे ऊर. पेन थांबलं होतं. अय्या वर बघत नव्हते, आणि आता ते मुद्दामच वर बघत नाहीत हे तिला कळत होतं.

"तिथं काही लिहू नका," पूंगोडी म्हणाली. "जागा मात्र सोडा."

त्यांनी जागा सोडली. एक शब्द मावेल एवढी.

संध्याकाळी ती चित्तीकडे गेली तेव्हा मंगैचा फोन येऊन गेला होता. चित्ती देवघराच्या दारात उभी होती, हातात कापराची वडी, न पेटवलेली. पूंगोडी वर गेली. तिचं सामान फार नव्हतं. पुस्तकं, दोन साड्या, चटई, फणी. सांबाराचं भांडं तिनं जिन्याच्या पहिल्या पायरीवर, घासूनपुसून, पालथं ठेवलं.

"हे काय चाललंय?" चित्ती खालून म्हणाली. "आवणीत म्हटलं होतं मी. आडीत घर सोडतात का? रिकामी माडी आडीत? ए पोरी, ऐक, माझ्या घराला लागेल ते! राहा गं महिनाअखेरपर्यंत, भाडं नको देऊस. कुठं जाणारेस आत्ता?"

पूंगोडीनं चटई खांद्यावर घेतली. केस अजून मोकळेच होते.

"ऊरात," ती म्हणाली, जिभेवरचं ते वळण आता न लपवता, आणि उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकलं.